सेकंडहँड पेडल स्टील घेताय? मग आधी डिमिनिश वाजवून बघा (३ पेडल, ४ लिव्हरवाल्या गिटारचा रिव्ह्यू)

आधी निकाल सांगून टाकतो, ज्यांना घाई आहे त्यांनी पुढचं नाही वाचलं तरी चालेल. सिंगल नेक, १० तारा, ई नाईन ट्यूनिंग (तारा कुठल्या सुरांत लावायच्या त्याची एक पद्धत, सूर खाली दिलेत), ३ पेडल आणि ४ लिव्हर, सेकंडहँड स्टुडंट मॉडेल. आवाज मस्त, पेडल मऊ, केसमध्ये घालून एकट्या माणसाला गाडीत टाकता येते. लिव्हरचं काम मात्र घरी आणली तेव्हा यथातथाच होतं, आणि ते मेजर मायनर वाजवून अजिबात कळलं नसतं, कळलं ते डिमिनिश कॉर्ड वाजवल्यावर. पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते खाली येईलच.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. गिटार माझ्याकडे यायच्या आधी दोन-तीन हातांतून गेलेली आहे आणि कुणीतरी खालचे रॉड काढून आपल्या मनाने परत लावलेत हे उलटी केल्यावर स्पष्ट दिसतं, त्यामुळे खोड मूळची की नंतर कुणी लावलेली हे कुणालाच सांगता येणार नाही, उगाच कंपनीला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

ज्यांनी हे वाद्य बघितलेलंच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जुन्या हिंदी गाण्यांत जी हवाईयन गिटार ऐकू येते, हजारा सिंग किंवा व्हॅन शिपली वाजवायचे ती, तिचंच हे अमेरिकेत वाढलेलं भावंड. टेबलासारखं चार पायांवर उभं, डाव्या हातात लोखंडी बार, उजव्या हाताला अंगठ्याचा पिक आणि दोन बोटांना धातूचे पिक. फरक इतकाच की खाली पेडल असतात आणि गुडघ्याजवळ लिव्हर, ते दाबले की ठराविक तारांचा सूर वर किंवा खाली जातो. १९५४ साली बड आयझॅक्सने एका हिट रेकॉर्डवर तार वाजत असतानाच पेडल दाबून सूर सरकवला आणि त्यानंतर नॅशव्हिलचे सगळे स्टीलवाले आपापल्या गिटारला पेडल बसवायच्या मागे लागले. आज कंट्री म्हटलं की जो रडका, लांबत जाणारा आवाज कानात येतो तो हाच.

आता डिमिनिश. ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्यांना सांगायला नको पण बाकीच्यांसाठी सांगतो, सा, कोमल ग, तीव्र म आणि शुद्ध ध, हे चार सूर एकत्र वाजवले की झाली डिमिनिश सेव्हन्थ. प्रत्येक सुरामधलं अंतर सारखं, तीन-तीन पट्ट्या (हार्मोनियमच्या काळ्या-पांढऱ्या मिळून मोजायच्या). (हे चारही सूर मधुवंतीत आहेत, पण तिथे पंचम आणि निषाद त्यांना सांभाळून घेतात, इथे सांभाळणारं कुणी नाही म्हणून ती कॉर्ड सारखी कुठेतरी पडायला बघत असते.) अंतर सारखं असल्यामुळे गंमत अशी की अख्ख्या संगीतात अशा कॉर्ड फक्त ३ आहेत. प्रत्येकीला चार-चार नावं, पण सूर तेच. म्हणजे जी शार्प डिमिनिश, बी डिमिनिश, डी डिमिनिश आणि एफ डिमिनिश ही एकच कॉर्ड. गिटारवर तीन फ्रेट वर सरका, तीच कॉर्ड परत हजर.

स्टीलवर हे काम एफ लिव्हर करतो. तारा बाहेरच्या बाजूने मोजायच्या, पहिली ते दहावी अशा: एफ शार्प, डी शार्प, जी शार्प, ई, बी, जी शार्प, एफ शार्प, ई, डी, बी. एफ लिव्हर, म्हणजे इमन्स सेटअपमध्ये (पेडल-लिव्हरची एक प्रचलित मांडणी) डावा गुडघा डावीकडे ढकलायचा तो, चौथी आणि आठवी तार ई वरून एफ वर नेतो. बास. एवढं केलं की तुमच्याकडे बी, डी, एफ, जी शार्प आले आणि एकही पेडल दाबलेलं नाही. पहिली, दुसरी आणि सातवी तार टाळा, बाकी काहीही वाजवा, डिमिनिशच लागणार. हे पहिल्यांदा कळतं तेव्हा माणूस दिवसभर तेच वाजवत बसतो. तिसरा फ्रेट, सहावा, नववा, बारावा, गुडघा दाबूनच ठेवायचा आणि बार सरकवत जायचा, रहस्यपटात वाड्याचं दार किर्र करत उघडतं त्यावेळचं म्युझिक तयार. माझं मत विचाराल तर हे एका गाण्यात एकदाच करावं आणि शक्यतो करूच नये, पण नवीन स्टीलवाला भेटला की पहिलं हेच करून दाखवतो.

डिमिनिशचा खरा उपयोग जाता जाता करायचा. दोन कॉर्डच्या मध्ये अर्धं माप, एक माप, आणि निघायचं. मी राहतो टेक्सासमध्ये, इथल्या डान्स हॉलमध्ये अजून वेस्टर्न स्विंग (कंट्री आणि जॅझची मिसळ) वाजतं, बॉब विल्सच्या परंपरेतलं, त्यात अशा मधल्या कॉर्ड खच्चून भरलेल्या असतात. सरळ कंट्रीत त्यामानाने कमी, तीन कॉर्डमध्ये गाणं संपतं. त्यामुळे बरेच स्टुडंट गिटारवाले वर्षानुवर्षं एफ लिव्हर फक्त ए पेडलबरोबर (पाचवी आणि दहावी तार बी वरून सी शार्पवर नेणारं) मेजर कॉर्डसाठी वापरतात आणि एकट्या एफ लिव्हरकडे ढुंकून बघत नाहीत. आणि नेमक्या याच कारणामुळे सेकंडहँड गिटारच्या एफ लिव्हरमध्ये काय गडबड आहे ते आधीच्या मालकालाही माहीत नसतं.

हे जरा नीट सांगतो कारण माझ्या मते विकत घेताना करायची एकमेव टेस्ट हीच आहे.

तिसऱ्या फ्रेटवर बार ठेवा, तार चार, पाच, सहा. काही न दाबता वाजवलं की जी मेजर. चौथ्या तारेवर जी, पाचवीवर डी, सहावीवर बी. आता एफ लिव्हर, चौथी तार जी शार्प झाली, बाकी दोन तशाच, झाली जी शार्प डिमिनिश. लिव्हर सोडा आणि बी आणि सी पेडल एकत्र दाबा. सी पेडल चौथी तार ई वरून एफ शार्प आणि पाचवी बी वरून सी शार्प करतं, बी पेडल तिसरी आणि सहावी जी शार्प वरून ए करतं, म्हणजे तिसऱ्या फ्रेटवर तुम्हाला ए, ई आणि सी मिळाले, ए मायनर. आता सी पेडल सोडा, बी तसंच धरून ठेवा आणि डावा गुडघा उजवीकडे, ई लिव्हर, चौथी तार ई ची डी शार्प होते. तिसऱ्या फ्रेटवर एफ शार्प, डी, सी, म्हणजे डी सेव्हन. सगळं सोडलं की परत जी.

बघा काय झालं ते. जी, जी शार्प डिमिनिश, ए मायनर, डी सेव्हन, जी. बार एक इंचही हलला नाही. चौथी तार एकटी जी, जी शार्प, ए, एफ शार्प, जी अशी चालत गेली आणि बाकीच्या दोघी तिच्याभोवती जुळवून घेत राहिल्या. साध्या गिटारवर हे वाजवायला बोटांच्या चार वेगळ्या पकडी लावाव्या लागतात, आणि तरी त्यात ते सरकणं येत नाही. एकदा हे पायात बसलं की कुठल्याही पट्टीत तसंच, फ्रेट बदला, पाय तेच.

पण हे सुरेल यायचं तर यंत्र धड पाहिजे. माझ्या गिटारवर पहिली भानगड ही होती की एफ लिव्हर दाबताना चौथी तार लगेच वर जायची आणि आठवी मागून लंगडत यायची. चार पाच सहा वाजवत असाल तर कळणारच नाही, कारण आठवी त्यात नाहीच. खालच्या तारांवर पाच सहा आठ वाजवलं की लगेच कळतं, आठवी नुसती जाडजूड वाऊंड तार, ती अर्ध्या रस्त्यात असते तेवढ्यात कॉर्ड वाजून गेलेली असते. दुसरं, लिव्हरला वाजवायच्या आधीच इतका रिकामा खेळ होता की जुन्या एसटीच्या गिअरची आठवण यावी, गुडघा दीड इंच जाईपर्यंत काहीच होत नाही आणि मग एकदम होतं. तिसरं, लिव्हर सोडल्यावर आठवी तार ई वर पूर्ण परत यायची नाही, किंचित वर राहायची. हे तिसरं सगळ्यात वाईट, कारण मग त्यानंतरची जी मेजर बेसूर आणि वाजवणारा समजतो आपला बारच तिरका पडला.

गिटार उलटी केली. खाली सगळा मामला उघडाच असतो, आडव्या शाफ्ट, त्यांना बेलक्रँक (छोट्या तरफा), त्यातून चेंजरपर्यंत (तारा ताणणारा-सैल सोडणारा भाग) जाणारे लांब रॉड, आणि रॉडच्या टोकाला नायलॉनचे नट जे एलन कीने फिरवून सूर लावतात. बेलक्रँकला तीन-चार भोकं असतात. आठव्या तारेचा रॉड कुणीतरी शाफ्टच्या अगदी जवळच्या भोकात घातला होता, त्यामुळे शाफ्ट कितीही फिरली तरी रॉड जेमतेम ओढला जात होता. तो लांबच्या भोकात घातला, आठवी चौथीच्या बरोबर यायला लागली, लिव्हर थोडा कडक झाला पण प्रवास कमी झाला. सोडल्यावर परत न येण्याचं कारण निघालं साधी घाण, चेंजरमध्ये वर्षानुवर्षांचं चिकट झालेलं तेल. लायटर फ्लुइडने धुतलं, नंतर हलकं तेलाचं बोट, गेलं. रॉडची जागा बदलायला एका स्टील रिपेअर करणाऱ्या म्हाताऱ्यांची मदत घेतली, त्यांनी पैसे घेतले नाहीत, वर तासभर ज्ञान दिलं. ते म्हणाले मेजर कॉर्ड सगळ्या गिटारवर लागते रे बाबा अशा अर्थाचं काहीतरी, इंग्लिशमध्ये.

तर एक स्टार कापला तो या एफ लिव्हरपायी, दुरुस्त झाला असला तरी.

आता सुराबद्दल. इथे जरा खोलात जातो, ज्यांना आकडे नको त्यांनी एक परिच्छेद सोडून द्या. आपल्याकडे हार्मोनियम आणि तंबोरा यांच्या सुरावरून जो वाद वर्षानुवर्षं चालतो तोच वाद स्टीलवाल्यांमध्येही आहे. बरेच स्टीलवाले गिटार ट्यूनरच्या सरळ रेषेवर लावत नाहीत, कानाने लावतात, मेजर कॉर्डचा गांधार शुद्ध पाहिजे म्हणून तो इक्वल टेंपरामेंटपेक्षा (पियानोसारखी, सगळ्या पट्ट्या सारख्या अंतरावर) १४ सेंट खाली लावतात, एका पट्टीचे शंभर सेंट. आता एफ लिव्हरचा एफ हा ए पेडलबरोबर सी शार्प मेजरचा गांधार होतो, आणि तो सी शार्प स्वतःच आधी ए मेजरच्या गांधाराच्या जागी खाली लावलेला असतो. म्हणजे गांधाराचा गांधार. हिशोब केला तर तो एफ ट्यूनरच्या रेषेपेक्षा जवळजवळ ३० सेंट खाली जातो. ए पेडलबरोबर वाजवा, स्वर्ग. पेडल सोडून डिमिनिश म्हणून वाजवा, तर नवव्या तारेवरचा डी आणि हा एफ यांच्यातलं अंतर ३०० सेंटचं हवं ते पंचवीसेक सेंट कमी होऊन २७५ च्या घरात येतं, एकदम आवळलेलं. आठवी आणि नववी एकत्र छेडली की दातात खडा आल्यासारखं होतं.

आणि याला इलाज नाही हे समजून घ्या, कारण डिमिनिश मुळातच शुद्ध लागू शकत नाही. शुद्ध कोमल गांधाराचं अंतर ३१६ सेंट. चार वेळा मोजलं की १२६३ च्या आसपास, सप्तक असतं १२०० चं. ते ६३ सेंट कुठेतरी गिळावेच लागतात. पियानोवर ते चार जागी सारखे वाटलेले असतात म्हणून कुणाला कळत नाही, स्टीलवर सगळा भार एकाच जोडीवर पडतो.

मी काय करतो ते सांगतो. एफ लिव्हर आधी ए पेडलबरोबर कानाने लावतो आणि मग एलन कीने अगदी केसभर वर घेतो, ए पेडल आणि एफ लिव्हरची मेजर कॉर्ड थोडी उजळ लागते पण चालते. डिमिनिश वाजवताना आठवी-नववी जोडी टाळतो, चार पाच सहा किंवा पाच सहा आठ. या तीन तारांत कॉर्डचे चारपैकी तीनच सूर येतात, पण चौथा बासवाला नाहीतर साधी गिटारवाला वाजवतच असतो, कुणाचं काही अडत नाही. नववी घ्यायचीच तर एकेक तार मोकळी करत, आर्पेजिओसारखी, एकत्र नाही. आणि जास्त वेळ धरून ठेवायची नाही. व्हॉल्यूम पेडलने हळूच उघडून लांबवलेली डिमिनिश ऐकायला भारी वाटते असं लोक म्हणतात, मला ती दवाखान्याबाहेर बसल्यासारखी वाटते.

दुसरी टेस्ट जास्त अवघड आहे आणि गिटारपेक्षा तुमची जास्त परीक्षा घेते. जी, बी फ्लॅट डिमिनिश, ए मायनर. म्हणजे वरून खाली उतरणारी चाल, जुन्या स्विंगमध्ये ही पावलोपावली. तिसऱ्या फ्रेटवर जी, मग बार एक फ्रेट मागे दुसऱ्यावर आणि त्याच क्षणी एफ लिव्हर. आता चौथ्या तारेकडे लक्ष द्या, बारने तिला एक पट्टी खाली आणलं, लिव्हरने एक पट्टी वर नेलं, म्हणजे ती होती तिथेच, जी वरच राहिली. पाचवी डी ची सी शार्प झाली, सहावी बी ची बी फ्लॅट. वरचा सूर स्थिर आणि खालचे दोघे खाली उतरले. हात आणि गुडघा एकाच वेळी हलले तर वरचा जी दिव्याच्या वातीसारखा न हलता उभा राहतो, जरा जरी पुढे-मागे झालं तर तो डुचमळतो आणि सगळ्यांना कळतं. माझ्या गिटारवर दुरुस्तीच्या आधी हे अशक्यच होतं, कारण लिव्हर कुठे पकडणार याचा भरवसा नव्हता. आता येतं, दर वेळी नाही, पण येतं.

तीच दुसऱ्या फ्रेटची कॉर्ड सी कडून जी कडे जाताना पण चालते. तिसऱ्या फ्रेटवर ए आणि बी पेडल दाबून सी मेजर, मग दुसऱ्या फ्रेटवर एफ लिव्हर, मग तिसऱ्यावर मोकळी जी. गॉस्पेल आणि ब्लूजमध्ये ही हमखास. एकच ठिकाण लक्षात ठेवा, दोन कामं होतात.

ज्यांच्याकडे एफ लिव्हरच नाही त्यांच्यासाठी, कारण अगदी जुन्या स्टुडंट मॉडेलना तीन पेडल आणि एखादाच लिव्हर असायचा. घाबरू नका. पाचवी, सहावी आणि नववी तार काहीच न दाबता वाजवा, बी, जी शार्प, डी, तीन सुरांची डिमिनिश घरबसल्या. किंवा वरच्या तीन तारा, पहिली दुसरी तिसरी, बी पेडल दाबून, एफ शार्प, डी शार्प, ए. या दुसरीचा उपयोग म्हणजे ती खरं तर पाचव्या कॉर्डची सेव्हन्थ आहे, खालचा सूर तेवढा गाळलेला, त्यामुळे मूळ कॉर्डवर परत येताना गोड लागते. एवढ्यावरही बरंच निभावतं. पण घेणारच असाल नवीन किंवा सेकंडहँड तर ३ पेडल ४ लिव्हरच्या खाली जाऊ नका, हे माझं स्पष्ट मत. ज्या लिव्हरशिवाय चालणारच नाही ते तीन, ई वरून एफ, ई वरून डी शार्प, आणि दुसरी-नववी खाली आणणारा. चौथा तुमच्या आवडीचा.

नववी खाली आणणारा का म्हणतो ते पण डिमिनिशमुळेच. डिमिनिशचा कुठलाही एक सूर एक पट्टी खाली आणा, डॉमिनंट सेव्हन तयार होते. चार सूर, चार सेव्हन्थ, चार वेगवेगळ्या पट्ट्यांची दारं. मोकळ्या तारांवर एफ लिव्हर दाबून बी, डी, एफ, जी शार्प धरा. आता लिव्हर सोडा, एफ चा ई झाला, ही ई सेव्हन. परत लिव्हर दाबा आणि उजव्या गुडघ्याने नववी डी ची सी शार्प करा, ही सी शार्प सेव्हन. ज्यांच्याकडे पाचवी बी ची बी फ्लॅट करणारा उभा लिव्हर आहे त्यांना बी फ्लॅट सेव्हन. आणि सहावी जी शार्पची जी करता आली तर जी सेव्हन. म्हणजे गाणारा मध्येच पट्टी बदलतो म्हणाला तर एका डिमिनिशवर थांबायचं, श्वास घ्यायचा आणि हव्या त्या दारातून बाहेर पडायचं. आमच्या इथल्या गणपतीच्या कार्यक्रमात गाणाऱ्या ताई ऐन वेळी अर्धा सूर वर गेल्या होत्या, हार्मोनियमवाल्या काकांनी डोळे मोठे केले, तेव्हा हेच कामाला आलं. भावगीताच्या मधल्या म्युझिकला स्टील भयंकर शोभतं हे जाता जाता सांगतो, फक्त पेडल जरा कमी दाबायचं, नाहीतर नाट्यगृहात एकदम गुराखी घोड्यावरून आल्यासारखं वाटतं.

बाकी गोष्टी पटकन. आवाज छान आहे, सिंगल कॉईल पिकअप, वरच्या तारांना चमक आहे आणि आवाज पातळ होत नाही. ॲम्प म्हणून पीव्ही नॅशव्हिल ११२ वापरतो, स्टीलसाठीच बनवलेला, डिमिनिशसारख्या गर्दीच्या कॉर्डला स्वच्छ ॲम्पच पाहिजे, जरा जरी डिस्टॉर्शन आलं की चार सुरांचा लगदा होतो. रोलर नट नीट फिरतात. पाय स्क्रूचे, उंची थोडी कमी वाटते, मी उंच आहे त्यामुळे गुडघा लिव्हरच्या फार जवळ येतो, उंच माणसाने घेण्याआधी बसून बघावं, हे फोटोवरून कळत नाही. तिसरी तार, ०११ ची, सगळ्यांच्याच गिटारवर तुटते तशी माझ्याही तुटते, दोन-चार जास्तीच्या ठेवा. केस जुनी आहे, कुलूप लागत नाही.

डबल नेक घ्यावी का असं मला दोघा-तिघांनी विचारलं. दुसऱ्या नेकला सी सिक्स्थ ट्यूनिंग असतं, जॅझ आणि स्विंगसाठी. डिमिनिशच्या बाबतीत सांगायचं तर तिथे ती आणखी सोपी, गुडघा लागतच नाही, पाचवं आणि सहावं पेडल एकाच पायाने एकत्र दाबलं की खालपासून वरपर्यंत एफ शार्प, ए, सी, ई फ्लॅट, तिसऱ्या तारेपासून नवव्यापर्यंत सलग सात तारा डिमिनिशच्या. आणि त्याच्या खाली दहावी तार त्याच पेडलने डी झालेली असते, ती घेतली की डी सेव्हन फ्लॅट नाईन, जाड, भरगच्च, अख्खा ब्रास सेक्शन वाजल्यासारखी. बडी इमन्स यातला बादशाह, १९३७ ते २०१५, स्टीलवर बीबॉप (वेगवान, गुंतागुंतीचं जॅझ) वाजवणारा माणूस, त्याचं ऐकलंत की ही नेक का असते ते कळतं. मी एका ओळखीच्यांच्या डबल नेकवर बसून बघितलं, मोह झाला, खोटं कशाला बोला. पण केससकट साठ-सत्तर पौंड वजन, आठ पेडल, आणि नवीन घ्यायची तर किंमत चार हजार डॉलरच्या पुढे. ज्याला मुळात कंट्री आणि जुनी हिंदी-मराठी गाणी वाजवायचीत त्याने सिंगल नेक ई नाईनच घ्यावी, डिमिनिशसाठी एफ लिव्हर पुरतो.

कोणी घेऊ नये तेही सांगतो. ज्याला रात्री अर्धा तास वेळ मिळतो आणि लगेच गाणं वाजायला पाहिजे त्याने हे वाद्यच घेऊ नये, साधी लॅप स्टील (मांडीवर ठेवून वाजवायची, बिनपेडलची) घ्यावी. भारतात नेणार असाल तर हेही लक्षात घ्या की रॉड, बेलक्रँक, नायलॉन नट असलं काही तिथल्या दुकानात मिळत नाही, जास्तीचे सुटे भाग इथूनच पिशवीत भरून न्या आणि खालचा फोटो काढून ठेवा, कुठला रॉड कुठल्या भोकात होता ते.

माझ्या गिटारचा चौथा लिव्हर पहिली तार एफ शार्पची जी करतो, जो मी जवळजवळ वापरतच नाही. तो काढून त्याच्यावर सहावी जी शार्पची जी करून घेणार आहे, रॉड आणि एक बेलक्रँक मागवलाय, पुढच्या शनिवारी परत त्या म्हाताऱ्यांकडे गिटार उलटी करायला जायचंय.